गोष्टीतील नायक व प्रतिनायक यांचे बंधन

चौथीच्या व त्यापुढील वर्गांत मुलांकडून गोष्ट लिहवून घेण्याचा प्रसंग वारंवार येतो. फळ्यावर मुद्दे लिहून दिले म्हणजे गोष्ट पुरी होते खरी. परंतु मुलांनी स्वतः रचलेल्या गोष्टी तपासताना एक वैगुण्य पुनःपुन्हा आढळते. गोष्टीत एक भला मनुष्य असतो, एक दुष्ट असतो. दोघांची गाठ पडते, भांडण होते, आणि मग भला मनुष्य गाव सोडून जातो किंवा दुष्टाला साप चावतो. अशी गोष्ट संपत नाही, तुटते. मुलांची कल्पनाशक्ती तोकडी पडते असे आपण समजतो. माझ्या मते कारण निराळे आहे. हे दोघे एकमेकांना सोडून का जात नाहीत, हा प्रश्न मुलाला कोणी विचारलेलाच नसतो.

नायकाला विरोध करणाऱ्या पात्रास संस्कृत साहित्यशास्त्रात ‘प्रतिनायक’ अशी संज्ञा आहे. ‘खलनायक’ या रूढ शब्दापेक्षा ती शिक्षकास अधिक उपयोगी वाटेल; कारण तीत दुष्टपणापेक्षा समोरासमोर उभे असण्याला महत्त्व आहे.

पंचतंत्रातील वानर व मगर यांची गोष्ट वर्गात सर्वांना ठाऊक असते. वानर जांभळीवर आहे तोवर मगराचे काही चालत नाही. मैत्रीच्या विश्वासाने तो मगराच्या पाठीवर बसतो आणि भर पाण्यात कपट उघड होते. आता चोहीकडे पाणी असल्याने वानराला पळता येत नाही, हे मुले चटकन सांगतात. त्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट ही की मगरही मोकळा नाही. बायकोसाठी त्याला वानराचे काळीज हवे आहे. आणि ‘काळीज झाडावर राहिले’ असे वानर सांगतो तेव्हा मगराला त्याला पाठीवरूनच परत न्यावे लागते. ज्या इच्छेने मगराने वानराला अडकविले, त्याच इच्छेने तो स्वतः अडकतो. येथे थांबून विचारावे : वानराला पोहता येत असते तर? मगराला काळजाऐवजी नुसती जांभळेच हवी असती तर? दोन्ही वेळा गोष्ट उरत नाही, हे मुले आपणच शोधून काढतात.

भोपळ्यात बसून येणाऱ्या म्हातारीची लोककथा लहानांसाठी याहून सोपी आहे. लेकीच्या गावाची वाट रानातूनच जाते, आणि ‘परत येताना खा’ असा शब्द म्हातारीनेच वाघाला दिलेला असतो. वाट आणि शब्द अशा दुहेरी गाठीने दोघे बांधलेले आहेत.

शिक्षकांनी स्वतःच्या वाचनातही हे पाहावे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू व शंकरमामंजी यांना बांधणारी वस्तू म्हणजे एकत्र कुटुंबाचे घर. मुंबईस पतीबरोबर राहते तेवढे दिवस यमू सुखी असते. वैधव्य येताच ती त्याच सत्तेखाली परत येते आणि तिचे केशवपन बळजबरीने केले जाते. मुंबईतील सुखाचे दिवस वाचतानाही आपला जीव थाऱ्यावर नसतो, कारण गाठ सैल झाली आहे, सुटलेली नाही, हे आपण विसरत नाही. हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाच्या १९५२ सालच्या ‘म्हातारा आणि समुद्र’ या कथेत तर गाठ डोळ्यांना दिसते. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेल्या क्यूबाच्या कोळ्याच्या गळाला प्रचंड मासा लागतो आणि होडी समुद्रात ओढून नेतो. मधला दोर कापला की म्हातारा सुटतो. पण तो कापीत नाही. त्या माशाला तो भाऊ म्हणतो. प्रतिनायक दुष्टच असला पाहिजे असे नाही, ते यावरून समजावे.

एक अनुभव सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने शेतकरी व खोटी बाकी मांडणारा दुकानदार यांची गोष्ट लिहिली. मी तांबड्या शाईने शेरा दिला : ‘शेतकरी दुसऱ्या दुकानात का जात नाही?’ मला ती चूक दाखवायची होती. दुसऱ्या दिवशी मुलाने चार ओळी वाढवून वही आणली. दुसरे दुकान नदीपलीकडे आहे व पावसाळ्यात नदीला उतार नसतो. बहिणीच्या लग्नाचे सामान याच दुकानातून उधारीवर आले. आणि दुकानदारालाही शेतकऱ्याला तोडता येत नाही, कारण तोडले तर मागची बाकी बुडेल. ही शेवटची ओळ मी शिकविलेली नव्हती. ती त्याने घरी ऐकली असावी.

गोष्ट वर्गातील सर्वांत चांगली होती, तरी मी ती वाचून दाखविली नाही. दुकानदाराचा मुलगा त्याच वर्गात, दुसऱ्या रांगेत बसत असे. मुलाची संमती घेऊन, दुकानदाराचा सावकार व गावाचे नाव बदलून, ती पुढच्या वर्षीच्या वर्गास मी ऐकविली. अशा लेखनाच्या वह्या तपासून झाल्यावर त्या मॉनिटरकडून न वाटता शिक्षकाने ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात.