कटिशूलाच्या रुग्णाचे प्रत्यक्ष परीक्षण

कटिशूलाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची नाडी व जिव्हा आपण पाहतो, कोष्ठ विचारतो. परंतु त्यास निजवून कटी व दोन्ही पाय तपासण्याचे बहुधा राहून जाते. त्रिविध परीक्षेतील दर्शन व स्पर्शन अशा वेळी नाममात्र उरते. तपासणीचे टेबल नसल्यास सतरंजीही पुरते.

परीक्षणाचा आरंभ रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच होतो. तो एका बाजूस झुकून चालतो काय, हे पाहावे. नंतर त्यास टाचांवर व चवड्यांवर चार पावले चालावयास सांगावे. टाचांवर चालणे न जमल्यास एल-४, एल-५ आणि चवड्यांवर न जमल्यास एस-१ या मज्जामूळांचा विचार करावा.

गृध्रसीत सक्थीच्या उत्क्षेपणास अडथळा येतो, हे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. सरळ पाय उचलण्याच्या परीक्षेत आपण तोच अडथळा अंशांत मोजतो. रुग्णास उताणे निजवून, गुडघा न वाकविता पाय सावकाश उचलावा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान वेदना गुडघ्याखाली उतरली, तर परीक्षा सकारात्मक मानावी. नुसती कंबर दुखली किंवा मांडीमागे ताण आला, एवढ्यावरून गृध्रसी म्हणू नये. शंका वाटल्यास पाय किंचित खाली आणून पाऊल वरच्या दिशेस वाकवावे. मूळ दबलेले असल्यास कळ पुन्हा उठते. बरा पाय उचलताना दुखऱ्या पायात कळ आली, तर चकती सरकल्याची शक्यता बळावते. मिळालेला अंश प्रत्येक भेटीत केसपेपरवर लिहावा.

एक गोष्ट मात्र आम्हांस ठेच लागून कळली. चाळिशीतील एक रुग्ण आमच्याकडे तीन आठवडे कटिबस्ती व योगराज गुग्गुळ घेत होता. लघवी अडते, असे तो म्हणाला. आम्ही अपानदुष्टी समजून गोक्षुरादी गुग्गुळ जोडला. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, की बैठकीची जागा बधिर झाली आहे. त्याच दुपारी आम्ही त्यास शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात पाठविले. पाय सुधारले, लघवीवरील ताबा पूर्णपणे परतला नाही. आदल्या दिवशी कापसाच्या बोळ्याने गुदाभोवतीची संवेदना पाहिली असती, तर एक दिवस तरी वाचला असता.

औषधी दुकानात कंबरदुखीसाठी गुग्गुळ मागणाऱ्यासही हेच विचारावे: लघवी अडते काय किंवा नकळत होते काय, शौचावर ताबा आहे काय, बैठकीची जागा बधिर आहे काय, पायांतील बळ घटत आहे काय? एकाही प्रश्नास होकार आल्यास डबी न देता रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.