जुन्या लेन्सची घरी सफाई: खर्च किती, आणि कुठे थांबायचं?

पावसाळा सरला की कपाटातल्या चामडी केसमधून आजोबांची झेनिट नाहीतर याशिका बाहेर येते, आणि लेन्सच्या काचेवर पांढुरकी नक्षी दिसते. लगेच बाटल्या आणि हत्यारं मागवू नका. पहिलं काम निदानाचं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ॲपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका धरा आणि पुढून आत पाहा. सुटे धूळकण कितीही दिसले तरी सोडून द्या. फोटोत ते उमटत नाहीत. फांद्या फुटल्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळ्या काचेवर सारखं पातळ धुकं असेल, तर तो बहुधा जुन्या ग्रीसचा थर असतो आणि पुसल्यावर बऱ्याचदा निघतो. काचेच्या कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली, तर मात्र हात लावू नका. दोन काचा चिकटवलेल्या असतात (जुन्या लेन्समध्ये कॅनडा बाल्समने), तो जोड सुटायला लागल्याची ती खूण आहे. ही दुरुस्ती घरी होत नाही, आणि बाहेर करायची तर खर्च अनेकदा लेन्सच्या किमतीपुढे जातो.

आता हत्यारांकडे. सगळ्यात महत्त्वाचा लेन्स स्पॅनर, म्हणजे दोन टोकांचा पाना. काच धरून ठेवणाऱ्या रिंगला समोरासमोर दोन खाचा असतात, त्यांत ही टोकं बसतात. साधारण ६०० ते १,२०० रुपयांत बरा मिळतो. स्वस्तातला, टोकं डुगडुगणारा घेऊ नका: तो खाचेतून निसटला की सरळ काचेवर चरा काढतो. जपानी लेन्ससाठी जेआयएस मापाचे स्क्रूड्रायव्हर घ्या, ५०० ते १,५०० रुपये. घरातला नेहमीचा फिलिप्स त्या स्क्रूंमध्ये नीट बसत नाही आणि डोकी झिजवतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० ते ४००, हवेचा ब्लोअर तेवढ्याचाच, लेन्स टिश्यू १०० ते २००. म्हणजे १,६०० ते ३,७०० रुपयांत सामान उभं राहतं. दुकान आणि शहराप्रमाणे हे आकडे थोडे हलतील. ज्या रिंगला खाचाच नाहीत ती सोडवायला बेसिनचं रबरी बूच दाबून फिरवा. वीस-तीस रुपयांचं ते बूच महागड्या रबरी टूलइतकंच चालतं.

हात बसवायला हेलिओस ४४-२ उत्तम. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याशी जिचं नाव जोडलेलं आहे, ती ही ५८ मिमी, एफ/२ सोव्हिएत लेन्स झाइसच्या बायोटारवर बेतलेली आहे. सहा काचा चार गटांत, अंग धातूचं, वायर एकही नाही. शिवाय ॲपर्चर हाताने मिटायचं असल्यामुळे पात्यांवर थोडं तेल आलं तरी काम अडत नाही. स्प्रिंगने आपोआप मिटणाऱ्या लेन्समध्ये तेच तेल पाती चिकटवतं आणि फोटो जास्त उजळ येतात.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, आणि स्क्रू निघतील त्याच क्रमाने दुहेरी चिकटपट्टीवर लावत जा. काच कोणत्या बाजूने बसली होती ते पेन्सिलीने कडेवर टिंब देऊन ठेवा. फोकसचे आटे शक्यतो सोडवू नका. ते अनेक ठिकाणी बसू शकतात. चुकीच्या जागी बसले की अनंतावरचा फोकस गेला. सोडवायचेच असतील, तर जिथे सुटले नेमक्या तिथे दोन्ही भागांवर रेघ मारा.

पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा. हा टप्पा टाळला की तीच धूळ काचेवर घासली जाते. अल्कोहोल काचेवर ओतू नका, टिश्यू जेमतेम ओला करा. मधून सुरुवात करून गोल फिरवत कडेपर्यंत या, दर वेळी नवा टिश्यू. बुरशी हटली नाही तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच पद्धतीने लावा. त्यानंतरही नक्षी राहिली, तर बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लेलं आहे. घासून ते परत येत नाही. तिथे थांबा आणि फोटो काढून पाहा. उजेडासमोर कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो, पण बाकी लेन्स बरीचशी धड असते.

जुन्या ५० मिमी एफ/१.४ सुपर-ताकुमारची काच पिवळी पडली असेल, तर ती मळलेली नाही. तिच्या काचेत थोरियम आहे आणि पिवळेपणा त्यामुळेच येतो. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवल्यावर तो बराच उतरतो. तीन-चारशे रुपयांचा दिवा पुरे. त्याच्याकडे थेट पाहू नका, आणि ही काच कधीही घासायला वा पॉलिश करायला देऊ नका.

मग दुकानात कधी जायचं? मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात आणि पुण्यातही जुन्या लेन्सचे कारागीर आहेत. साध्या सफाईला हजार ते तीन हजार धरून चला. खोलण्याआधी आकडा ठरवा, आणि काम न झाल्यास किती घेणार तेही विचारा. घरात एकच लेन्स असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: दुकान स्वस्त पडतं. तीन-चार असतील, तर हत्यारांचे पैसे वसूल होतात. आजोबांची एकुलती आठवण असेल, तर शिकायला ती वापरू नका. बाजारातून मोडकी लेन्स आणून आधी तिच्यावर हात चालवा.

बुरशी पुन्हा येऊ नये यासाठीचा खर्च मात्र टाळू नका. कोकणात आणि मुंबईत चामडी केस ओल धरून ठेवते, ती आधी बाजूला काढा. रबरी कडेचा हवाबंद डबा, नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक असं सगळं हजाराच्या आत बसतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. तांदूळ ओल नीट शोषत नाही आणि पीठ सोडतो. डांबराच्या गोळ्याही ओलीसाठी कामाच्या नाहीत. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.