प्रत कोठे ठेवावी?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. संगणक घरात आला तो माझ्यासाठी, आणि त्याची राखणही माझ्याच माथी आली. गेल्या उन्हाळ्यात मराठीच्या प्रकल्पासाठी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून मी संगणकात साठविल्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली व तो संगणकाच्याच पिशवीत ठेवला. मोठ्या ऐटीत सांगितले, "आजी, तुझ्या ओव्या आता दोन ठिकाणी आहेत." आजी म्हणाली, "एकाच पिशवीत हायत की. मग दोन जागा कुठल्या?"

हे बोलणे अनुभवाचे होते. आमचे गाव लोहारा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदे झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या घरची माणसे वाचली, ट्रंक मात्र गाडली गेली. तीत शेताचे खरेदीखत होते आणि पणजोबांच्या हातची भजनांची वही. खरेदीखताची नक्कल पुढे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळाली. कारण दस्त नोंदविताना त्याची एक प्रत तेथे राहते. वहीची प्रत कोठेच नव्हती. आजीला त्यातली तीन-चार भजने येतात, तीही अर्धवट.

वही शेजारगावच्या पाहुण्यांकडे असती तर? किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर आपल्या जिल्ह्यात. पण दोन्ही गावे एकाच पहाटे कोसळली. प्रत घराबाहेर असून भागत नाही, संकटाचा हात पोचणार नाही इतकी ती लांब हवी. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे पर्यायी संगणककेंद्र म्हणूनच चेन्नईला आहे. मात्र २४ फेब्रुवारी २०२१ रोजी बाजाराचे काम काही तास बंद पडले, तरी ते चेन्नईकडे वळविले गेले नाही! तेव्हा प्रत असणे वेगळे व ती वेळेवर उपयोगी पडणे वेगळे.

जाणकार सांगतात, प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दूर. इंटरनेटवरील साठाही दूरच असतो. पण तो संगणकाशी सतत जुळवून घेणारा असेल तर इकडे चुकून पुसलेले तिकडेही पुसले जाते. शिवाय आमच्या गावी रेंज आली तर आली.

म्हणून मी एक हार्ड डिस्क घेऊन पुण्याला आत्याकडे ठेवली आहे. तीत घरच्यांची आधार कार्डेही असल्याने तिला पासवर्ड घातला. तो विसरला तर सगळेच व्यर्थ, म्हणून कागदावर लिहून मामांकडे दिला; डिस्कजवळ ठेवला नाही. दुसरी डिस्क घरी असते. दिवाळीत आणि उन्हाळ्यात त्यांची अदलाबदल करायची.

मागच्या महिन्यात परीक्षा म्हणून आत्याला फोनवरून एक ओवी लावायला सांगितले. पासवर्ड चालला, ओवी वाजली. आजी कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "इथं माझा एक शब्द चुकलाय. परत घे." घेतली आहे. ती दिवाळीत पुण्याला जाईल.