तांब्या त्याच्या हातात द्या

प्रश्न : आमचं रावेरचं ख्रिस्ती कुटुंब. आठ वर्षांचा मुलगा संडे स्कूलची वचनं घडाघडा म्हणतो, पण केळीच्या मजुरांच्या मुलांना खेळात घेत नाही. काय करू?

उत्तर : ताई, रागावू नका. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेवरच्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, तेल ओतलं. सगळी हातांचीच कामं. भरउन्हात ट्रकमध्ये घड भरणारे मजूर दाराशी आले, की पाण्याचा तांब्या तुमच्या मुलाच्याच हातात द्या. मजुरांसोबतच्या मुलाचं नाव त्यानं विचारावं. घरात मजुरांना अरेतुरे होत असेल, तर आधी ते थांबवा. मूल तेच उचलतं.

रात्री पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगा. दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईंनी १८९७च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळग्रस्त मुलींना केडगावला आणून सांभाळलं. भूक त्यांनी स्वतः सोसली होती, हे त्याला जरूर सांगा.