पडद्यावर दिसतं, म्हणून नीट साठलंय असं नाही

मराठी मजकूर पडद्यावर नीट दिसतो, म्हणजे डेटाबेसमध्येही नीट साठला आहे, हे गृहीत मला सर्वांत घातक वाटतं. मायएसक्यूएल घ्या. ८.० आवृत्तीपूर्वी त्याचं मूळ एन्कोडिंग लॅटिन-१ असे. टेबल लॅटिन-१, ड्रायव्हरची जोडणी लॅटिन-१ आणि ॲप्लिकेशन मात्र यूटीएफ-८चे बाइट पाठवतंय, अशा स्थितीतही ते बाइट जसेच्या तसे परत येतात आणि ‘मराठी’ अचूक उमटतं. दोन चुका एकमेकींना झाकतात. डेटाबेसच्या लेखी मात्र तो शब्द ५ नव्हे, १५ अक्षरांचा असतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. २० अक्षरांच्या रकान्यात मग सहाच चिन्हं मावतात. ‘इतकी वर्षं चाललंय, हात कशाला लावायचा?’ असं विचारलं जातं. पण हे चालतं ते दोन्ही टोकं सारखीच चुकताहेत तोवर. योग्य एन्कोडिंग सांगणारा नवा ड्रायव्हर जोडला, की ‘म’च्या जागी तीन भलतीच चिन्हं येतात. घाबरून टेबल थेट यूटीएफ-८मध्ये बदललं, तर त्याच ‘म’चे ३ बाइट ६ होऊन बसतात. म्हणून आधी बॅकअप घ्या, रकाना बायनरी करा आणि तिथून यूटीएफ-८कडे न्या. मग बाइट तेच राहतात, फक्त त्यांची ओळख सुधारते.

‘आम्ही यूटीएफ८ लिहिलेलंच आहे’ हेही पुरेसं नाही. मायएसक्यूएलमधलं त्या नावाचं जुनं एन्कोडिंग ३ बाइटांवर थांबतं. ४ बाइटांचं यूटीएफ८एमबी४ २०१० मध्ये आलं. देवनागरी तिनात बसते, त्यामुळे मराठी मजकुराच्या चाचणीत ही उणीव सापडत नाही. ती उघडी पडते इमोजीत आणि २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीत. स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर त्या चिन्हापासून पुढचा मजकूर कापला जातो आणि मागे फक्त एक वॉर्निंग उरते. यूटीएफ८एमबी४ वापरलं तर जागा वाढेल ही भीती अनाठायी आहे, देवनागरी चिन्ह तिथेही ३ बाइटच घेतं. अडचण खरी आहे ती जुन्या इंडेक्सची: ७६७ बाइटांच्या मर्यादेत २५५ऐवजी १९१ अक्षरं बसतात.

माझा आग्रह एवढाच, की एन्कोडिंग ड्रायव्हरच्या जोडणीच्या पर्यायांतच स्पष्ट लिहा. नुसती ‘सेट नेम्स’ ही आज्ञा सर्व्हरला कळते, ड्रायव्हरला नाही. मग एक ‘म’ साठवून त्याचे बाइट आणि लांबी तपासा. ई०ए४एई आणि १ आलं, तर सगळं ठीक. बाइट तेच पण लांबी ३ असेल, तर ओळख खोटी. सुरुवातीलाच सी३ए० दिसलं, तर दुहेरी एन्कोडिंग झालेलं आहे.