म्हैसूरच्या पलीकडे निघण्याआधी

म्हैसूरला घर असलं की पाहुण्यांना तोटा नाही. पुण्या-कोल्हापूरकडच्यांची सहल मला तोंडपाठ झाली आहे : राजवाडा, चामुंडी, वृंदावन, मग उटी नाहीतर कुर्ग. अलीकडे मात्र आल्याआल्या फर्माईश होते, ‘गर्दी नसलेलं काहीतरी दाखव.’ कुणाला जंगल हवं असतं, कुणाला तिबेटी, कुणाला आदिवासी. अशांना सोबत करताना जे पदरी पडलं, ते सांगते.

आधी रस्त्याचं. शहराच्या नैऋत्येपासून आग्नेयेपर्यंत नागरहोळे, बंडीपूर, बिळिगिरीरंगन डोंगर अशी व्याघ्र प्रकल्पांची रांग आहे. गुंडलुपेटहून वायनाडला आणि उटीला जाणारे दोन्ही रस्ते बंडीपूरच्या पोटातून जातात. 2009 पासून ते रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतात. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस तेवढ्या सुटतात. एच. डी. कोटेवरून मानंतवाडीला जाणारा रस्ता तर संध्याकाळी 6 लाच मिटतो. माझ्या मावसभावाच्या हातात एका सहल कंपनीचा छापील कार्यक्रम होता : संध्याकाळी वृंदावनची कारंजी, रात्री मुक्काम वायनाड. मी म्हटलं, दादा, हे जमायचं नाही. ‘अगं, पैसे भरलेत त्यांच्याकडे,’ एवढंच त्याचं उत्तर. मद्दूरच्या नाक्यावर गाडी पोहोचली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. वनरक्षकाने हुज्जत घातली नाही, फक्त माघारी वळायची खूण केली. दसऱ्याचे दिवस, गुंडलुपेटात खोली मिळेना. वहिनी आणि मुलं गाडीतच झोपली. रात्रीच्या गाड्यांखाली जनावरं चिरडत होती म्हणून ही बंदी आली. तिथे ओळख दाखवून, विनवण्या करून उपयोग नसतो. उशीर होणारच असेल तर हुणसूर, गोणिकोप्पल, कुट्टा हा लांबचा रस्ता आधीच धरावा. आणि उटीला निघालात तर 2024 पासून लागणारा ई-पास घरून काढून निघा. नाक्यावर रेंज शोधत गाडीभोवती फिरणारी मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत.

बैलकुप्पे त्यामानाने सोपं. कुशालनगरच्या थोडं अलीकडे, दिवसाउजेडी जाऊन येता येतं. 1960 च्या सुमारास तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना इथलं रान दिलं. गार पठारावरच्या त्या माणसांनी ऊन सोसत ते साफ केलं, हत्तींशी झगडत शेती उभी केली. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचा मका डोलतो. सगळे ज्याला सुवर्णमंदिर म्हणतात ते नामड्रोलिंग मठात आहे. हा मठ पेनोर रिनपोचे यांनी 1963 मध्ये सुरू केला. तिथे प्रार्थना चालू असते आणि आपली माणसं पोरसवदा भिक्षूंच्या तोंडासमोर फोन धरतात. आळंदीत हरिपाठ चालू असताना कुणी असं केलं तर? मागच्या रांगेत गप्प बसावं. तो ढोल आणि त्या लांब शिंगांचा खर्ज छातीत उतरायला वेळ लागतो. परदेशी पासपोर्ट असलेल्या पाहुण्याला वसाहतीत मुक्काम करायचा तर गृह मंत्रालयाची परवानगी लागते आणि ती चार दिवसांत येत नाही. (गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला 1972 पासून अशीच एक तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.)

खरी कसोटी बिळिगिरीरंगन डोंगरात. चामराजनगर जिल्ह्यातला हा डोंगर सोलिगा आदिवासींचा. वरच्या रंगनाथाने सोलिगांची मुलगी केली अशी त्यांची कथा आहे, म्हणून देव त्यांचा सोयरा. आपल्याला खंडोबाची बाणाई ठाऊक असते, त्यामुळे हे नातं समजायला जड जात नाही. पण त्यांच्या वस्तीवर, म्हणजे पोडूवर, न विचारता जाऊ नये. 2011 मध्ये इथल्या ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले; आपल्या मेंढा-लेखा गावाला ते 2009 मध्ये मिळाले होते. पाहुण्यांपैकी एकाने पोरांना चॉकलेटं वाटायला सुरुवात केली तेव्हा एका आजीने शांतपणे ती पिशवी मिटून त्याच्या हातात परत दिली. मग आम्हालाच विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? कुणाच्याच घरी काही पिकत नव्हतं.

म्हणून मी आता सोलिगा वाटाड्याशिवाय जात नाही. एकाने रस्त्याकडेची टणटणी दाखवली. डोक्याच्या वर वाढलेली, आत पाय ठेवता येत नव्हता. पूर्वी पावसाळ्याच्या कितीतरी आधी आम्ही पाचोळ्याला हलकी आग लावायचो, म्हणाला. जमिनीलगत सरकणारी, झाडाला न लागणारी. अभयारण्य झालं, आग बंद झाली आणि हे माजलं. आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली, तीही त्याच कारणाने, असं त्याचं म्हणणं. संशोधकांनीही हे म्हणणं मनावर घेऊन तपासलेलं आहे. मी इतकी वर्षं तिथल्या टणटणीची फुलं गोड आहेत म्हणत फोटो काढत होते. वाटाड्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. त्याच्याइतकं जंगल वाचून दाखवणारं दुसरं कुणी भेटत नाही. वाघ दिसेल का, हे मात्र त्याला विचारू नये. बिचाऱ्याला दर गाडीगणिक तेच ऐकावं लागतं.

सामान कमी, कानडीची चार वाक्यं पाठ, दुपारी परत फिरायची तयारी. रोख पैसे जवळ असावेत. डबा नेलात तर माकडांसमोर उघडू नका, आणि उरलेलं ‘मुक्या जनावराला’ म्हणून टाकू तर मुळीच नका. आमच्या जाऊबाईंनी दिलेल्या एका दशमीपायी सगळी टोळी गाडीच्या टपावर चढली होती.

दिवाळीत नागपूरहून नणंदबाई येताहेत, अमेरिकेतल्या लेकासह. त्याला मठातच राहायचं आहे. मी तारखा ठरवायच्या आधी फोन करून विचारलं, पासपोर्ट कुठला? निळा, पण तिकडचा निळा. तेव्हा अर्ज आत्ताच टाकलाय. उत्तर वेळेत आलं नाही तर त्याची गादी आमच्या हॉलमध्ये.