आजीची दोन रकान्यांची वही

२०११ साली, मी पंधरा वर्षांची असताना, पुण्यातल्या एका डॉक्टरांनी माझ्या कागदावर ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ असं लिहिलं. तोवर साताऱ्यात आमच्या आळीत मला घुमी म्हणत, शिष्ट म्हणत आणि आगाऊही म्हणत. आता मी तिशीला आले आहे. बारा ते अठरा या वयात जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. ज्यांच्या घरात असं मूल वाढतंय त्यांनी ते वाचावं, पण त्याहून जास्त त्या मुलानं वाचावं अशी माझी इच्छा आहे.

१. जे इतरांना आपोआप कळतं, ते आपल्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं

कुणाच्या घरून निघताना मी ‘जाते’ म्हणायचे. ‘येते म्हणावं,’ असं आई दरवेळी सांगायची. पण मी तर जात होते! मग ‘येते’ कसं म्हणायचं? बारा वर्षांची असताना एकदा शेजारच्या काकू ‘आता जेवूनच जा गं’ म्हणाल्या, तेव्हा मी सरळ पाटावर जाऊन बसले. त्यांनी भाकरी मोजून केल्या होत्या. संध्याकाळी ही गोष्ट आईच्या कानावर आली आणि मला बोलणी बसली. माझी चूक काय, हे मात्र कुणीच सांगेना.

आजी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं माझी एक कोरी वही घेतली, पट्टीनं पानाच्या मधोमध रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, ‘लोक काय म्हणतात’. उजवीकडे, ‘त्यांना काय म्हणायचं असतं’. पहिली नोंद अशी होती : ‘जेवूनच जा’ – एकदा म्हटलं तर रीत. तीनदा म्हटलं आणि ताट मांडलं तर खरं. दुसरी : ‘येते’ – आता जातेय, पण पुन्हा यायचं मनात आहे. ही दुसरी नोंद वाचली आणि ‘येते’ म्हणणं मला पहिल्यांदा पटलं. तोवर ते खोटं बोलणं वाटायचं. पुढे वही भरत गेली. ‘बघू’ – मोठ्या माणसानं म्हटलं तर बहुतेक नाही. ‘कशाला आणलंस एवढं?’ – आवडलंय. ‘तुझं चालू दे’ – मला कंटाळा आलाय, आता थांब.

मला मिळालेल्या सगळ्या मदतीत या वहीचं मोल मी सर्वांत वर धरते. ‘तुला एवढंही कळत नाही?’ असं मुलाला विचारून काहीही हाती लागत नाही. नाही कळत. सांगितलं तर कळतं, आणि एकदा कळलं की पक्कं डोक्यात बसतं.

२. अंगाला जे टोचतं ते खरोखर टोचतं

गणवेशाच्या मानेवरचं लेबल, मोज्याच्या बोटांवरची शिवण, वर्गातल्या ट्यूबलाइटची गुणगुण, मोरीत पडणारी स्टीलची भांडी. घरच्यांना हे नखरे वाटायचे. गणपती विसर्जनाला ढोल-ताशाचं पथक घरासमोर आलं की मला उलटी व्हायची. ताशाचा आवाज मला दातांत आणि पोटात जाणवतो, हे सांगायला योग्य शब्द सापडेपर्यंत मी चौदा वर्षांची झाले होते. त्यानंतरच्या वर्षापासून विसर्जनाच्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला मावशीकडे खेड्यावर नेऊन सोडायचे. गणपतीला आम्ही सकाळीच घरी नमस्कार करून घ्यायचो. देव रागावला नाही.

वयात येण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्यावर कुणी बोलत नाही. शरीर बदलणं हे अचानक येणाऱ्या बदलांपैकीच एक, आणि असे बदल आम्हाला सर्वांत जड जातात. आईनं पाळीबद्दल मला वर्षभर आधी सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून. कोणत्या तारखेला काय होईल हे सांगता येत नाही, पण कशामागून काय होईल हे सांगता येतं. तिनं तसंच सांगितलं : काखेत केस येतील, घामाचा वास बदलेल, कधी विनाकारण रडू येईल. बाजारातल्या पॅडचा चर्र आवाज आणि स्पर्श मला सहन होईना, तेव्हा तिनं आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या मऊ घड्या शिवून दिल्या. किती तासांनी बदलायच्या ते दप्तराच्या आतल्या कप्प्यात लिहून चिकटवलं. ज्या आईवडिलांना हा विषय काढायला लाज वाटते त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, अशा मुलाला ‘पुढे कळेलच’ म्हणून सोडू नका. मुलग्यांनासुद्धा.

३. शब्द संपतात तेव्हासाठी खूण ठरवून ठेवावी

अण्णा एसटीत कंडक्टर होते. घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. इतकी स्वच्छ भाषा मी दुसरी ऐकलेली नाही. त्यात टोमणा नाही, सूर नाही, चेहरा वाचायची गरज नाही.

गोंगाट, गर्दी, अनेकांचं एकदम बोलणं असं सगळं साचत गेलं की माझं बोलणं बंद पडतं. मनात वाक्य तयार असतं, पण ते तोंडापर्यंत पोचत नाही. लोक अशा वेळी ‘बोल ना, बोल ना’ करत आणखी जवळ येतात, आणि मग किंचाळणं किंवा डोकं भिंतीवर आपटणं एवढंच उरतं. तेराव्या वर्षी एका लग्नात असं झालं. परतताना अण्णा म्हणाले, ‘आपण घंटी ठरवू.’ टेबलावर, भिंतीवर, अण्णांच्या मनगटावर, जिथे हात पोचेल तिथे एक टकटक म्हणजे थांबा, मला बाहेर न्या. दोन म्हणजे चालेल, पुढे जाऊ. त्यानंतर एकाही लग्नात मी किंचाळले नाही. एक टकटक झाली की अण्णा ताटावरून उठायचे. पंगत अर्धी असली तरी उठायचे, आणि नातेवाइकांना खुलासा देत बसायचे नाहीत.

४. घोळक्यात असणं म्हणजे मैत्री असणं नव्हे

आठवीत मला पाच मैत्रिणी मिळाल्या असं मी घरी सांगितलं. त्या मला काहीबाही करायला सांगायच्या, म्हणजे सरांना जाऊन अमुक शब्दाचा अर्थ विचार, तमक्या मुलाला ही चिठ्ठी दे. मी करायचे. त्या हसायच्या, मीही हसायचे. शब्दाचा अर्थ कळला तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, आईच्या समोर.

आईनं मला त्या मुलींची नावं विचारली नाहीत. तिनं एक कसोटी दिली : ‘तुला रडू आलं तर त्या थांबतात का?’ मी आठवून पाहिलं. थांबत नव्हत्या. मला चेहरे वाचता येत नाहीत, पण ही गोष्ट मोजता येत होती. त्यानंतर दहावीपर्यंत मला एकच मैत्रीण होती. मधल्या सुट्टीत आम्ही शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचायचो. पुरे होतं.

५. सोंगाची किंमत संध्याकाळी मोजावी लागते

नववीत मी ठरवून एका मुलीची नक्कल केली. ‘अय्या’ कधी म्हणायचं, मान कुठे कलती करायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मध्ये कसं बघायचं, हे मी आरशासमोर बसवलं. शाळेत सगळे म्हणाले, ‘सुधारली.’ घरी आल्यावर मी दोन-दोन तास पलंगाखाली फरशीला गाल लावून पडून राहायचे. बोलणं नको, दिवा नको, जेवण नको. त्या वर्षी माझे केस गळाले.

मुलींचं निदान उशिरा होतं किंवा होतच नाही, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. आम्ही सोंग चांगलं वठवतो. मी शहाण्यासारखी वागत होते, तेव्हाच मला मदतीची सर्वांत जास्त गरज होती. आजही ऑफिसात थोडं सोंग घ्यावं लागतं, नाही म्हणत नाही. पण घरात अजिबात घेत नाही, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ कुणालाही भेटत नाही.

६. नाव मिळणं म्हणजे शिक्का बसणं नव्हे

निदान झालं त्या दिवशी आई रडली. मला मात्र हायसं वाटलं. मी वाईट मुलगी नव्हते, आणि माझ्यासारखे आणखी लोक होते. नातेवाईक म्हणाले, नजर लागली असेल, लग्न झालं की येईल वळणावर. आजी एवढंच म्हणाली, ‘आधी होती तीच आहे. फक्त आता आपल्याला कळलंय.’

या नावाचा प्रवास मी नंतर वाचून काढला. व्हिएन्नातल्या हान्स अ‍ॅस्पर्जर या बालरोगतज्ज्ञानं १९४४ मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं. ते बरीच वर्षं जर्मन भाषेतच पडून होतं. १९८१ मध्ये लोर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव चालू केलं. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. म्हणजे या नावामागे एक आई आहे, याचा मला फार आधार वाटला. मी सतरा वर्षांची असताना, २०१३ मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आपल्या नव्या सूचीतून हे नाव काढून टाकलं. ते सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये, आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो त्यात, आलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही पुढे तसंच केलं. आणि २०१८ मध्ये हर्विग चेक या इतिहासकारानं कागदपत्रांनिशी दाखवून दिलं की, नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्जरनं काही अपंग मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवलं होतं. तिथे शेकडो मुलं मारली गेली. ते वाचल्यावर मी चार दिवस जेवले नाही. आता मी स्वतःला स्वमग्न म्हणते. पण पंधराव्या वर्षी ज्या नावानं मला उभं केलं ते मला विसरता येत नाही. ज्यांना अजून ते नाव आपलं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

७. वेड काढून घेऊ नये

माझं वेड एसटीचं. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, हे मला सात वर्षांची असल्यापासून पाठ. स्टँडवर उभी राहून मी नंबर वहीत उतरवायचे. त्या काळच्या बहुतेक लाल गाड्यांचं मूळ नंबरवरून ओळखता यायचं : एमएच १४ म्हणजे दापोडीची कार्यशाळा, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे हिंगणा. साताऱ्याच्या स्टँडवर हिंगण्याची गाडी दिसली की माझा दिवस सोन्याचा व्हायचा.

एका शिक्षिकेनं सल्ला दिला, अभ्यास होईपर्यंत वह्या कुलपात ठेवा. आईनं ठेवल्या. तीन आठवड्यांत माझी झोप गेली आणि अभ्यासही गेला. ज्या खांबाला धरून मूल गर्दीत उभं असतं तोच खांब शिक्षा म्हणून काढून घेण्यासारखं आहे हे. अण्णांनी वह्या परत दिल्या आणि वेळापत्रकांवरूनच मला वेग-वेळ-अंतराची गणितं घातली.

आज मी नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करते. लोक म्हणतात, बघा, वेडाचं सोनं झालं. असं म्हणणं मला पटत नाही. नोकरी लागली नसती तरी ते वेड तितकंच मोलाचं होतं. समोर हिंगण्याची गाडी उभी असताना मला जगात राहायला आवडत होतं.

८. कागद वेळेवर करावेत

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत स्वमग्नता आहे. १९९५ च्या कायद्यातल्या सातांत ती नव्हती. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. मी दहावीला मागितल्या नाहीत. मागता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ‘मुलगी हुशार आहे, कशाला?’ असं शाळेचं म्हणणं पडलं. भूगोलाच्या पेपरला मागच्या बाकावरची मुलगी पेनाचं टोपण सतत टकटकवत होती. मला शेवटचे दोन प्रश्न दिसले, पण लिहिता आले नाहीत. नववीतच या कागदांच्या मागे लागा. हुशार असणं आणि मदत लागणं या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात.

९. आम्हाला माया नसते, हे खरं नाही

मी सतरा वर्षांची असताना आजी गेली. घर भरलेलं, बायका रडत होत्या. मी रडले नाही. मी आलेल्या माणसांच्या चपला जोडीनं लावत होते, कारण तेवढंच मला करता येत होतं. कुणीतरी म्हणालं, ‘हिला काही वाटतच नाही.’ ते वाक्य मला अजून ऐकू येतं. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं की, हा न कळण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे. आम्हाला तुमचे चेहरे वाचता येत नाहीत, तसे तुम्हालाही आमचे येत नाहीत. त्या दिवशी चपलांच्या त्या ओळीत माझं सगळं रडणं होतं, आणि ते घरात कुणालाही वाचता आलं नाही.

शेवटच्या महिन्यात आजी अंथरुणावर होती. रोज मी कॉलेजातून यायचे आणि दारातूनच विचारायचे, ‘बरी आहेस ना?’ ती म्हणायची, ‘बरी आहे.’ मग मी माझ्या खोलीत जायचे. बरी आहे म्हणाली होती ना.

तेराव्यानंतर मी वही उघडली. शेवटच्या पानावर एक नवी नोंद होती. अक्षर हललेलं, रेघ पट्टीशिवाय मारलेली. डावीकडे : ‘बरी आहे’. उजवीकडे : ‘दुखतंय. येऊन जवळ बस.’